डोळा नक्की बघतो कसा? मे महिन्यातल्या उद्योगांच्या नोंदी

४ मे, रविवार

मनू (ताईची मुलगी) आता दहावीत गेली. क्लास एप्रिलपासूनच चालू झालाय, पण दुपारनंतर मोकळी असते आणि मग पुण्यात कर्वेनगरला आमच्याकडे येऊन पडलेली असते. दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आहे, त्यात डोळा. फळ्यावर काढतात ती आकृती सगळ्यांना पाठ असते, बाण येतो, भिंगात वाकतो, मागे पडद्यावर उलटा बाण पडतो, मार्क घ्या आणि घरी जा. मनूनं विचारलं, "मामा, आजीच्या डोळ्यातलं भिंग तर ऑपरेशनमध्ये काढून टाकलं ना, मग नवीन बसवलं नसतं तर आजी आंधळी झाली असती?" म्हटलं नाही, धूसर दिसलं असतं. पूर्वी मोतीबिंदू काढला की आत काही बसवायचेच नाहीत, माझे आजोबा +१० नंबरचा तो जाड चष्मा लावून अख्खा पेपर वाचून काढायचे. तर म्हणे, "मग भिंग नसताना प्रतिमा पाडत कोण होतं?"

रास्त प्रश्न आहे. पुस्तकात एक ओळ आहे की प्रकाशाचं सगळ्यात जास्त अपवर्तन (म्हणजे वाकणं) पारपटलावर होतं, म्हणजे बुबुळाच्या पुढची जी पारदर्शक काच असते ना तिच्यावर. ती ओळ आपण सगळेच वाचतो आणि पुढे जातो. तर यंदा सुट्टीत ती ओळ हातानं करून बघायची असं ठरलंय, आणि वाटेत डोळ्याचं जे काय सापडेल तेही. ज्या दिवशी काही केलं त्या दिवशी इथे लिहून ठेवणार.

आज सुरुवात फुकटातल्या प्रयोगानं. गालाला टेप लावायची, पेपरातली छोट्या जाहिरातींची बारीक अक्षरं जवळ जवळ आणत जायची आणि जिथे अक्षर फुटायला लागतं तिथे आकडा वाचायचा. मनू चष्मा लावून साधारण साडेआठ सेंटीमीटर. मी (वय ४६) तीसच्या पुढे. आईच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला जवळच्या चष्म्याशिवाय ते अक्षर कुठेच नीट लागत नाही, जवळ आणा नाहीतर लांब न्या. डायॉप्टर (भिंगाची ताकद मोजायचं एकक, चष्म्याचा नंबर तोच) म्हणजे एक भागिले मीटरमधलं अंतर, त्यामुळे मनूचा डोळा जवळचं बघताना स्वतःची ताकद जवळजवळ १२ नं वाढवतो, माझा तीननं आणि आईचा शून्यानं, कारण तिच्या डोळ्यात आता कडक प्लॅस्टिकचं भिंग आहे, ते फुगत नाही. भिंगाचं खास काम हे फुगणं, असा पहिला अंदाज वहीत लिहिला.

५ मे, सोमवार

अंध बिंदू. हा सगळ्यांनी कधी ना कधी केलेला असतो, त्यामुळे थोडक्यात. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे आठ सेंमीवर ठसठशीत ठिपका, डावा डोळा बंद, उजव्यानं फुलीकडेच बघायचं आणि कागद ३० सेंमीच्या आसपास पुढेमागे करायचा. ठिपका गायब.

आम्ही पुढचं केलं. हनुवटी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर टेकवून मनूला बसवलं आणि कागदावर पेन्सिलचं टोक चारी बाजूंनी आत सरकवत नेलं, "गेलं" म्हणाली की खूण. खुणा जोडल्यावर सुमारे तीन सेंमी रुंद आणि त्याहून थोडा उंच असा अंडाकृती निघाला. कोनात साडेपाच अंश वगैरे. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश भरतो, म्हणजे दहा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तरी त्या भोकात खपून जातील आणि आपल्याला आयुष्यभर पत्ता नाही! एदम मारिऑत नावाच्या फ्रेंच माणसाला हे १६६० च्या दशकात सापडलं. तोवर हजारो वर्षं माणसं दोन डोळ्यांनी बघत होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण एका डोळ्याचं भोक दुसरा झाकतो, आणि एकच डोळा उघडा असला तरी मेंदू आजूबाजूचं बघून रंगकाम करतो. वहीच्या रेघांच्या कागदावर ठिपका काढला तर ठिपका जातो पण रेघा तशाच चालू राहतात. मनूला ह्या रेघांचंच जास्त आश्चर्य वाटलं आणि मलाही.

७ मे, बुधवार

हाफ डे टाकून जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो, रविवारी पाय ठेवायला जागा नसते म्हणून बुधवार. भिंगं भरपूर मिळतात, घड्याळजींची, फुटक्या दुर्बिणींची, कॅमेऱ्याची, नुसती मूठ तुटलेली. विकत घ्यायच्या आधी तपासायची सोपी पद्धत म्हणजे लांबच्या झाडाची नाहीतर बिल्डिंगची प्रतिमा तळहातावर घ्यायची आणि भिंगापासून हाताचं अंतर टेपनं मोजायचं, ती झाली फोकल लेंथ. दुकानदार बराच वेळ बघत होता, शेवटी म्हणाला, "साहेब भिंगच आहे ते, जमीन मोजल्यासारखं काय मोजताय?" दहा सेंमीवालं एक घेतलं, दीडशे सांगितले, ऐंशीला दिलं.

येताना पेठेत लॅबचं सामान मिळतं तिथून २५० मिलीचा गोल बुडाचा काचेचा फ्लास्क घेतला. अरविंद गुप्ता आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं होते, त्यांची कचऱ्यातून विज्ञान ही पद्धत आमच्या पिढीच्या डोक्यात बसलीय, त्यामुळे आधी उडालेल्या बल्बमध्ये पाणी भरून करायचा विचार होता. पण घरात आता सगळे एलईडी, काचेचा जुना बल्ब शोधायला फ्लास्कपेक्षा जास्त वेळ गेला असता.

१० मे, शनिवार

आज खरं काम. बेडरूमचे पडदे ओढून अंधार केला, एका खिडकीची फट उघडी ठेवली, फ्लास्क पाण्यानं गच्च भरून स्टुलावर, मागे ट्रेसिंग पेपर. समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी उलटी दिसली, रंगीत! मनूनं लगेच मैत्रिणींना व्हिडिओ पाठवला.

पण बघण्यासारखी गोष्ट ही की प्रतिमा फ्लास्कच्या मागच्या काचेवर पडत नाही. काचेला कागद चिकटवला तर नुसता उजेडाचा गोळा. कागद मागे मागे न्यायला लागतो, आणि काचेपासून साधारण चार सेंमीवर टाकी स्पष्ट होते. हे गणितातूनही येतं. पाण्याच्या गोळ्याची फोकल लेंथ मध्यापासून मोजली तर त्रिज्येच्या दुप्पट. फ्लास्क साडेआठ सेंमी व्यासाचा, त्रिज्या सव्वाचार, म्हणजे प्रतिमा मध्यापासून साडेआठवर, म्हणजेच मागच्या काचेच्या बाहेर सव्वाचारवर. बरोब्बर जुळलं नाही पण मिलिमीटरमध्येच फरक.

मग मनू म्हणाली, "म्हणजे डोळा नुसता पाण्याचा गोळा असता तर चष्मा लागलाच असता." अगदी! नुसता गोल गोळा स्वतःच्या पाठीवर प्रतिमा पाडूच शकत नाही, गोळा लहान असो की मोठा. म्हणूनच डोळा नुसता गोल नाही. आख्खा डोळा साधारण २४ मिमी लांब, म्हणजे त्रिज्या १२, पण पुढचं पारपटल त्याहून जास्त फुगीर, त्याची त्रिज्या आठाला जरा कमी, ७.८ धरतात. एखाद्याला खाली बघायला सांगून बाजूनं बघितलं की पापणीखाली तो फुगवटा सरकताना दिसतो. मनूच्या डोळ्यात मी बघितला, माझ्या डोळ्यात तिनं.

अजून एक. प्रतिमा मध्ये ठीक पण कडेला पसरट येत होती. काळ्या कार्डशीटला सेंटीमीटरभर भोक पाडून फ्लास्कच्या पुढे धरलं तर उजेड कमी झाला पण टाकीवरची शिडीसुद्धा मोजता आली. बाहुली लहान होते ती फक्त उजेड कमी करायला असं शाळेत शिकलो होतो, पण ती कडेचे वाकडेतिकडे किरणही छाटते.

११ मे, रविवार

कालचंच पुढे. आज ट्रेसिंग पेपर फ्लास्कच्या पाठीला कायमचा चिकटवला, म्हणजे आता तो पडदा. प्रतिमा चार सेंमी पुढे ओढायची तर फ्लास्कच्या पुढे अजून ताकद पाहिजे, हिशोब केला तर आठ डायॉप्टरच्या जरा खाली येते. आपलं जुन्या बाजारातलं भिंग दहाचं, म्हणजे दोननं जास्त. लावून बघितलं. टाकी धूसर, पण अर्ध्या मीटरच्या आत मेणबत्ती धरली की ज्योत एकदम कडक. जवळचं दिसतंय, लांबचं नाही!

मनूचा स्वतःचा नंबर -२ आहे. तिनं काही न बोलता चष्मा काढला आणि भिंगासमोर धरला. टाकी आली. शिडी, नळ, वर बसलेला कावळा, सगळं. मग माझा वाचायचा +१.५ धरला तर होतं तेही गेलं. पुढचा अर्धा तास ती चष्मा लावत काढत बसली फ्लास्कला, आणि आईला बोलावून, "आजी बघ, याला पण माझाच नंबर आहे." चष्मा डोळ्याला नक्की काय करतो हे मी इतकी वर्षं चष्मा लावून असं समोर कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी फिश टँकमध्ये (मासे केव्हाच गेले, टँक माळ्यावर होता) पाणी भरून फ्लास्क पूर्ण बुडवला. प्रतिमा गायबच. आत पाणी, बाहेर पाणी, प्रकाश वाकायला कारणच नाही. मनू स्विमिंगला जाते, तिला लगेच क्लिक झालं, पाण्यात डोळे उघडले की सगळं धूसर का आणि गॉगल लावला की स्वच्छ का. गॉगल काही दुरुस्त करत नाही, फक्त पारपटलापुढे हवा ठेवतो. थॉमस यंगनं १८०१ मध्ये हीच युक्ती वापरली. जवळचं बघताना डोळ्यात बदलतं काय, पारपटल की भिंग, असा वाद होता. त्यानं पाण्यानं पारपटलाची ताकद मारून टाकली, ती भरून काढायला बाहेरून भिंग लावलं आणि बघितलं, तरी जवळ-लांब फोकस बदलता येतोच आहे. म्हणजे बदलतं ते आतलं भिंग. स्वतःच्या डोळ्यावर केलं हे त्यानं.

आकडे वहीत टाकले. आरामात असलेल्या डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर, त्यात पारपटल ४३ च्या आसपास, भिंग २० च्या आसपास (दोघांमध्ये अंतर असल्यामुळे साधी बेरीज होत नाही). नुसत्या पारपटलानं प्रतिमा ३१ मिमीवर पडली असती, डोळा आहे २४ चा. ते राहिलेले सात मिमी भिंग ओढून आणतं. आजोबांच्या जाड चष्म्याचं उत्तर मिळालं.

१४ मे, बुधवार

आज पुण्याचा शून्य सावली दिवस. साडेबाराच्या सुमारास गच्चीवर बाटली उभी केली, सावली बुडाखाली गेली, फोटो काढला, खाली आलो, ऊन मरणाचं. पण पार्किंगच्या पत्र्याला एक खिळ्याचं भोक आहे, त्यातून फरशीवर पडणारा उजेड गोल असतो, भोक वेडंवाकडं असलं तरी. तो सूर्याचाच फोटो. पत्रा तीन मीटरवर, गोळा पावणेतीन सेंमीचा, अंतर भागिले १०८ केलं की व्यास मिळतो. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, भोकातूनही नाही. हे मनूला आधीच दम देऊन सांगितलं होतं.)

भोकांचाच विषय निघाला तर सुईनं कार्डाला भोक पाडलं आणि मी चष्म्याशिवाय त्यातून औषधाच्या डबीवरची एक्सपायरी डेट वाचली, डबी पार नाकाजवळ आणून. बारीक भोकातून किरणांची इतकी पातळ जुडी आत येते की ती पसरायला वावच नाही. चष्मा घरी राहिला आणि हॉटेलात मेनू वाचायचाय, तर मूठ आवळून बोटांच्या फटीतून बघा, खरंच चालतं.

मग उलटी टाचणी, हा माझ्या मते महिन्याभरातला सगळ्यात भन्नाट प्रयोग आणि खर्च शून्य. भोकाचं कार्ड डोळ्यापासून तीन सेंमीवर, पलीकडे उजेडाचं आकाश. आता कार्ड आणि डोळा यांच्या मध्ये टाचणी डोक्याची बाजू वर करून, पापणीला लागेल इतकी जवळ धरायची (हळू, आणि मोठं कुणी शेजारी असताना). टाचणी उलटी दिसते! खालून वर न्यायला जावं तर वरून खाली उतरते. कारण इतक्या जवळची वस्तू फोकस होतच नाही, पडद्यावर पडते ती तिची नुसती सावली, आणि सावली सुलटी पडते. मेंदूला रोज उलटी प्रतिमा सुलटी वाचायची सवय, तो सुलट्या सावलीलाही उलटं करून टाकतो. पडद्यावर प्रतिमा उलटी पडते हे केप्लरनं १६०४ मध्ये लिहिलं, आणि आम्ही ते एका टाचणीवर तपासलं.

१८ मे, रविवार

बकऱ्याचा डोळा. आई आणि ताई दोघी पूर्ण शाकाहारी. आईनं स्पष्ट सांगितलं, माझ्या ओट्यावर नाही, माझ्या सुरीनं नाही, आणि जेवायच्या आत सगळं धुऊन. म्हणून गॅलरीत पेपर अंथरून, जुना ट्रे, मेडिकलमधून सर्जिकल ब्लेड आणि हातमोजे. मटणवाल्याकडे सकाळी सातला गेलो, ताजेच पाहिजेत, कारण दुपारपर्यंत पारपटल दुधाळ व्हायला लागतं. "भेजा घ्या, खूर घ्या, डोळे काय करता?" मनूचं प्रोजेक्ट म्हटल्यावर चार डोळे असेच दिले, पैसे घेतले नाहीत.

आधी कात्रीनं चरबी आणि स्नायू साफ केले. पांढरं कवच भलतंच चिवट, ब्लेड घसरतं. पारपटल कापल्या कापल्या पुढचं पाणी उडालं, खरंच पाण्यासारखं पातळ. बाहुली आडवी फट, बकऱ्याची तशीच असते. मग कवच गोल कापून दोन वाट्या केल्या, मधली जेली एकसंध गोळा म्हणून बाहेर आली आणि तिच्या पुढच्या तोंडाशी भिंग.

भिंग दीड सेंटीमीटरला जरा कमी, घट्ट, किंचित पिवळसर, पण इतकं पारदर्शक की ट्रेमध्ये ठेवल्यावर दिसेना. छापील पेपरवर ठेवलं, अक्षरं मोठी. मनू म्हणाली, "हे तर फ्लास्कपेक्षा पॉवरफुल आहे, मग पारपटल कसं काय जिंकतं?" हे मला तिच्याकडूनच यायला हवं होतं. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली पेपर, झाकणात भिंग, आणि वरून पाणी ओतलं. भिंग बुडालं तशी अक्षरं बारीक होत गेली, शेवटी जेमतेम मोठी. डोळ्यात भिंग हवेत नसतंच, पुढे पाणी, मागे जेली. भिंगाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचा आकडा) १.४२ धरतात आणि त्या पाण्याचा १.३४ च्या आसपास, फरक किती तर ०.०८. हवेशी असता तर ०.४२. पारपटलाच्या पुढे मात्र थेट हवा आहे, म्हणून सगळा मोठा वाक तिथे. ती पाठ केलेली ओळ दोन चमचे पाण्यात समोर आली, आता कुणी विसरणार नाही.

मागची वाटी. आत दुधाळ, ओल्या टिश्यूसारखा पडदा, तोच दृष्टिपटल. फुंकर मारली तरी हलतो. चिमट्यानं ओढला तर सगळीकडून सुटला, फक्त एका जागी अडकून राहिला, आणि वाटी उलटी करून बघितलं तर बाहेरून बरोब्बर तिथेच नसेचा पांढरा देठ. मनू लगेच, "हाच तो ठिपका गायब होतो तो." हो, सगळ्या नसा गोळा होऊन बाहेर जायची जागा, तिथे उजेड टिपणाऱ्या पेशी ठेवायला जागाच नाही. माणसाच्या डोळ्यात अशा पेशी बारा कोटींच्या घरात आणि बाहेर जाणारे तंतू दहा-बारा लाख, म्हणजे मेंदूकडे जायच्या आधी पडद्यातच बरीच काटछाट होते.

पडदा काढल्यावर खाली चमचमता निळा-हिरवा थर, शिंपल्याच्या आतल्या बाजूचा रंग असतो तो. रात्री हेडलाइटमध्ये गायीगुरांचे, मांजरांचे डोळे चमकतात ते यामुळे, एकदा हुकलेला उजेड परत पडद्याकडे पाठवायला. माणसाला हा थर नाही.

एका डोळ्याला मागून कवचात खिडकी कापून तिथे पातळ कागद लावला आणि अंधारात पुढे बल्ब धरला. बाजूनं दाबत राहिलं तरच आकार टिकतो, दाब गेला की पारपटल सुरकुततं. पण दिसली, छोटीशी, उलटी, पेटलेल्या बल्बची प्रतिमा. देकार्तनं १६३७ च्या पुस्तकात बैलाच्या डोळ्यावर हेच करायला सांगितलंय. आई गॅलरीच्या दारापर्यंत आली, "दाखव बरं लांबूनच" म्हणाली, बघितलं, आणि मग आंघोळ करायला लावली दोघांना.

२१ मे, बुधवार

दुपारपासून धो धो, संध्याकाळी लाईट गेली आणि पावणेनऊपर्यंत आली नाही. आयता अंधार.

अंधार पडता पडता गॅलरीतली लाल जास्वंद बघत बसलो. उजेडात फूल पानांपेक्षा उठून दिसतं. हळूहळू उलटं व्हायला लागतं, पानं राखाडी पण दिसताहेत आणि फूल काळं, जवळपास भोक पडल्यासारखं. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या नावानं हे ओळखतात. रंग बघणाऱ्या शंकूपेशी उजेड कमी झाला की कमी पडतात, दंडपेशी कामाला लागतात, आणि दंडपेशींना लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणूनच आकाश बघणारे लाल टॉर्च वापरतात, दंडपेशी बिघडत नाहीत.

मनूनं एका डोळ्यावर नॅपकिन बांधून मेणबत्तीत बसायचं ठरवलं. अर्ध्या तासानं मेणबत्ती विझवून नॅपकिन काढला, एक डोळा बंद, मग दुसरा. बांधलेल्या डोळ्याला कपाटाची मूठ दिसते, दुसऱ्याला काहीच नाही, एकाच खोलीत दोन वेगळे अंधार! पूर्ण सवय व्हायला तीस-चाळीस मिनिटं लागतात.

सीलिंगवर रेडियमचे तारे चिकटवलेत, त्यातले विझत आलेले बारीक तारे. थेट बघितलं की गायब, जरा बाजूला बघितलं की हजर. नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच. लाईट आली तेव्हा दोघांनी एकदम ओरडून डोळे मिटले.

२४ मे, शनिवार

आजचा प्रयोग आईवर. तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्यात मोतीबिंदू अजून पिकायचाय. पांढरं पातळ धुऊन घड्या घालत होती, मनूनं विचारलं, आजी एकेक डोळा झाकून सांग, रंग सारखा दिसतो का? आईनं झाकलं, उघडलं, परत झाकलं. "अगंबाई! या डोळ्यानं पांढरं शुभ्र, त्या डोळ्यानं चहा सांडून धुतल्यावर राहतं तसं." इतके महिने तिच्या लक्षात आलं नव्हतं. वयाबरोबर भिंग पिवळं होत जातं आणि निळा उजेड अडवतं, हळूहळू होतं म्हणून कळत नाही. मग ती घरभर निळ्या वस्तू शोधत फिरली, देवघरातलं निळं कापड, माझा शर्ट, बादली, प्रत्येकाला डावा-उजवा करून निकाल देत होती. "डॉक्टरांना सांगते, दुसरा पण करून टाका."

डोळ्यात बसवायचं भिंग हॅरोल्ड रिडली या इंग्लिश डॉक्टरनं १९४९ मध्ये पहिल्यांदा बसवलं. युद्धात विमानांच्या कॉकपिटच्या पर्स्पेक्सचे (काचेसारख्या प्लॅस्टिकचे) तुकडे पायलटांच्या डोळ्यात गेलेले, आणि ते आत तसेच पडून राहतात, डोळा भांडत नाही हे त्यानं बघितलं होतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, म्हणजे माझ्या डोळ्यात विमानाची काच आहे. जवळपास.

नेत्रदानाचा फॉर्म तिनं केव्हाच भरलाय. तिला वाटत होतं आख्खा डोळा दुसऱ्याला बसवतात. बसवतात ते मुख्यतः पारपटल, एडुआर्ड झिर्मनं १९०५ मध्ये पहिल्यांदा यशस्वी केलं ते. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात म्हणून शरीर ते सहसा नाकारत नाही. आणि लेसरनं नंबर घालवतात तेही पारपटलच घासून, भिंगाला हातही लावत नाहीत. मनू म्हणाली, सगळीकडे हेच आहे, आणि आकृतीत याला नुसती एक वाकडी रेघ.

२९ मे, गुरुवार

पाणी बंद, मनू कंटाळलेली. दोन छोटे उद्योग. किल्ल्यांचा जुडगा दोरीला बांधून दारात डावी-उजवीकडे झुलवला, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून फक्त डाव्या डोळ्यापुढे उन्हाच्या गॉगलची काळी काच. जुडगा सरळ झुलायचं सोडून गोल फिरायला लागतो, उजवीकडे जाताना लांब, डावीकडे येताना जवळ. काच उजव्या डोळ्यापुढे नेली की उलटा फिरतो. अंधुक प्रतिमा मेंदूपर्यंत काही मिलिसेकंद उशिरा पोचते, म्हणजे दोन डोळे जुडग्याला दोन वेगळ्या जागी बघतात, आणि तो फरक मेंदू खोली म्हणून वाचतो. पुल्फ्रिशनं १९२२ मध्ये हे समजावलं, आणि त्याला स्वतःला एकाच डोळ्यानं दिसायचं, म्हणजे त्यानं हे कधी बघितलंच नाही. मनूला पुल्फ्रिशचं वाईट वाटलं.

दुसरा. आरशात आपल्याच एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा, डोळे हलताना दिसणार नाहीत, काही केल्या. शेजारच्याला दिसतात. नजर उडी मारते तेवढ्यात मेंदू चित्र बंद करतो. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र दिसतात, कारण स्क्रीन किंचित उशिरा दाखवते आणि तोवर आपली उडी संपलेली असते. बाहुलीचाही व्हिडिओ केला, एका डोळ्यावर बाजूनं टॉर्च टाकला की दुसऱ्याचीही बाहुली लहान होते, दोघींची लाईन एकच आहे.

१ जून, रविवार

मनूनं चार्टसाठी आकृती नव्यानं काढली. किरण पारपटलावर घसघशीत वाकलेला, भिंगात थोडासा, शेजारी ४३ आणि २०. खाली फ्लास्कचे तीन फोटो, बिनचष्म्याचा, तिच्या चष्म्याचा, माझ्या चष्म्याचा. बकऱ्याचा फोटो ताईनं लावू दिला नाही. परीक्षेत मात्र पुस्तकातलीच आकृती काढ म्हटलं तर म्हणाली, "मामा, पुस्तकातली ओळ आहे ना, मग आकृती माझी."

फ्लास्कमधलं पाणी हिरवट व्हायला लागलंय, ते बदलायचंय, यावेळी उकळून गार केलेलं भरणार. आईच्या नव्या नंबरमध्ये सिलिंडर लिहिलाय, तो कशासाठी असतो हे मनूला फ्लास्कवरच बघायचंय. चष्मेवाल्याला विचारून ठेवलंय, सिलिंडरची एखादी चुकीची कापली गेलेली काच शनिवारपर्यंत देतो म्हणाला.